एकाच बैठकीत सात हॉट सॉस चाखले. या निकालावर विश्वास कितपत ठेवावा?

तिखटजीव (धागाकर्ता)
थोड्या प्रमाणात, हाताने बनवलेले हॉट सॉस जमवण्याचा नाद मला दोन वर्षांपूर्वी लागला. आजमितीस घरात सात बाटल्या उघड्या आहेत. त्यांतली कोणती पुन्हा आणावी आणि कोणती संपल्यावर विसरून जावी, हे एकदाचे ठरवावे म्हणून परवा रात्री सगळ्या ओळीने मांडल्या, एका बाजूला उकडलेल्या बटाट्याच्या फोडी ठेवल्या, दुसऱ्या बाजूला वही घेतली आणि प्रत्येक सॉसला दहापैकी गुण देत गेलो.

ओळ अशी होती (हालापेन्यो, हाबानेरो, स्कॉच बॉनेट आणि कॅरोलिना रीपर ही मिरच्यांची नावे) : १) हिरव्या हालापेन्योचा पातळ सॉस, २) आंबवलेल्या लाल मिरचीचा, ३) चिपोटले, म्हणजे धुरावलेल्या पिकल्या हालापेन्योचा, ४) हाबानेरो आणि गाजर, ५) स्कॉच बॉनेट आणि अननस, ६) कॅरोलिना रीपरचा, ७) मिरचीचा अर्क घातलेला, ज्याच्या बाटलीवर कवटीचे चित्र आहे.

पहिल्या रात्री चिपोटलेला नऊ गुण पडले आणि अननसाचा सॉस तळाला गेला. काल रात्री खात्री करून घ्यावी म्हणून तोच प्रयोग उलट क्रमाने केला, तर अननसाचा सॉस पहिला आला आणि ज्या चिपोटलेची मी एवढी स्तुती लिहून ठेवली होती, त्यात मला धुराचा मागमूससुद्धा लागला नाही. सॉस तेच, जीभ तीच, बटाटाही त्याच पिशवीतला. मग खरा निकाल कोणता मानावा? आपण सारे तुलना कशी करता?

फिक्का
सात सॉस ओळीने चाखून वर वहीत सुवाच्य नोंदी करता येत असतील, तर त्या सॉसमध्ये फारसा दम नसावा, अशी माझी नम्र शंका आहे.

तिखटजीव
फिक्का, सुवाच्य असे मी कुठेच म्हटलेले नाही. सहाव्या सॉसपुढे फक्त एक आडवी रेघ आहे आणि तिच्यावर पाण्याचा डाग आहे. ते पाणी डोळ्यांतले की नाकातले, हे आता सांगता येणार नाही.

अर्धविराम
दोन्ही निकाल बाद समजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा तर निश्चितच, कारण आपण आरंभच कवटीच्या बाटलीने केलात. अर्काचा सॉस एकदा जिभेवर गेला की पुढचा अर्धा तास तोंडात दुसरे काही शिरत नाही. चिपोटले सुदैवी म्हणायचे. आपण त्याच्या जागी बूट पॉलिश ठेवले असते तरी तेही ओळखता आले नसते.

माझा नियम साधा आहे. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त सॉस घेत नाही, क्रम नेहमी सौम्याकडून जहालाकडे ठेवतो आणि दोन घासांमध्ये पुरेशी विश्रांती घेतो. सात सॉस एका रात्रीत उरकण्याची घाई कशासाठी?

रसायनी
अर्धविराम यांच्या क्रमाच्या मुद्द्याशी सहमत आहे, पण विश्रांती घेतली की तोंड पूर्ववत होते हे गृहीतक तितकेसे बरोबर नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिखटपणा ही चव नसून वेदनेचा प्रकार आहे. मिरचीतले कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरील टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते. ही ग्राही एरवी सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की जागी होते, म्हणूनच मेंदूला 'भाजले' असा निरोप पोहोचतो आणि आपण तोंडाशी हाताने वारा घालू लागतो. ही ग्राही शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्यांच्यासोबत आर्डेम पाटापुटियन यांना स्पर्शाच्या ग्राहींवरील कामासाठी.

आता मुद्द्याची गोष्ट. कॅप्सेसिनचे घास एकामागून एक, मिनिटभराच्या आत घेत गेले तर जळजळ घासागणिक चढत जाते. मध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबले तर उलटे घडते. जीभ बधिर होते आणि पुढचा सॉस आहे त्याहून सौम्य वाटतो. म्हणजे भरभर चाखले तर शेवटच्या सॉसवर अन्याय होतो आणि सावकाश चाखले तर तिखटपणाच्या बाबतीत त्याच्यावर मेहेरनजर होते. दोन्हीकडून कोरे तोंड काही मिळत नाही. जिभेला पूर्ण सावरायचे असेल तर पुढचा प्रयोग दुसऱ्या दिवशीच करावा.

एक प्रश्न : बटाटा गरम होता का?

तिखटजीव
पहिल्या रात्री गरमागरम होता. दुसऱ्या रात्री आदल्या दिवशीचा उरलेला, फ्रिजमधून काढलेला.

रसायनी
मग 'बटाटाही त्याच पिशवीतला' हे वाक्य आपण कृपया मागे घ्यावे. कॅप्सेसिनमुळे त्या ग्राहीचा उंबरठा खाली येतो, त्यामुळे एरवी नुसता कोमट वाटणारा घासही भाजल्यासारखा लागतो. गरम बटाट्यावरचा हाबानेरो आणि गार बटाट्यावरचा हाबानेरो यांची तुलना करणे म्हणजे एकाला उन्हात आणि दुसऱ्याला सावलीत पळवून शर्यतीचा निकाल लावण्यासारखे आहे.

शेवंती
वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे बाटल्यांचा सौम्य-जहाल क्रम आपल्याला आधीच ठाऊक आहे. तो कशावरून ठरवायचा? बाटलीवरच्या तिखटपणाच्या (स्कोव्हिल) आकड्यावरून ठरवत असाल तर सांभाळून.

विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधतज्ज्ञांनी १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची जी पद्धत काढली, तिच्यात सुक्या मिरचीचा अल्कोहोलमधला अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचे आणि पाच चाखणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिखटपणा जाणवेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावे लागले, तो आकडा नोंदवायचा, अशी रीत होती. आता ते काम यंत्र करते, पण आकडा सुक्या वजनावरच सांगितला जातो. कॅरोलिना रीपरचा गिनेसमध्ये नोंदलेला आकडा १६,४१,१८३ आहे आणि २०२३ मध्ये तिला मागे टाकणाऱ्या पेपर एक्सचा २६,९३,०००. दोन्ही मिरच्या एड करी या एकाच माणसाने तयार केल्या आहेत.

आता हिशेब करा. ताज्या मिरचीत दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग पाणी असते, म्हणजे सोळा लाखांचे तिथेच सुमारे एक लाख साठ हजार झाले. सॉसमध्ये मिरची एक तृतीयांश आणि बाकी व्हिनेगर, कांदा, गाजर असे धरले तर उरले पन्नास-पंचावन्न हजार. तरीही बाटलीवर छापतात ते सोळा लाखच. आकडा खोटा नसतो, पण तो मिरचीचा असतो, सॉसचा नव्हे. त्यामुळे रीपर थोडी आणि टोमॅटो भरपूर घातलेला सॉस एखाद्या प्रामाणिक हाबानेरो सॉसपेक्षा सौम्य निघाला, तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

फिक्का
शेवंतीताई, हा हिशेब मला दोन वर्षांपूर्वी कळला असता तर मी एका बाटलीला विनाकारण घाबरून ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली नसती.

बरणीवाला
मी गेली काही वर्षे घरी सॉस आंबवतो आहे, म्हणून बनवणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

धागाकर्त्याच्या यादीत दोन वेगळ्या जातींची सरमिसळ आहे. आंबवलेला सॉस आणि थेट व्हिनेगरमध्ये शिजवलेला सॉस यांना एकाच पट्टीने मोजणे मला पटत नाही. आंबवताना मिरची वाटून तिच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के मीठ घालतात आणि हवा लागू न देता ठेवतात. मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आपले काम करू लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत बरणीत कान लावला तर बुडबुड्यांची बारीक चुरचुर ऐकू येते आणि रंग ठळक तांबड्यावरून जरा नारिंगीकडे झुकतो. दोन-तीन आठवड्यांनी कच्च्या मिरचीचा हिरवट वास जाऊन त्या जागी एक खोल, खारट-आंबट वास येतो. काही जण तर कितीतरी जास्त थांबतात. १८६८ पासून चालत आलेल्या टबॅस्कोची मिरची ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवली जाते.

फरक नाकाला कळतो. व्हिनेगरमधले आम्ल उडून जाणारे असते, म्हणून चमचा तोंडाशी नेण्याआधीच ठसका लागतो. लॅक्टिक आम्लाला जवळजवळ वासच नसतो. त्याचा आंबटपणा जिभेवरच उमगतो. वही घेऊन बसणारा माणूस पहिल्याला 'उग्र' आणि दुसऱ्याला 'समतोल' लिहून मोकळा होतो, आणि दोघांचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, मोजला तर तो सारखाच निघण्याची शक्यता असते.

दुसरी गोष्ट दाटपणाची. सॉस थरांत विलग होऊ नये म्हणून पुष्कळ जण चिमूटभर झँथन गम घालतात. दाट सॉस जिभेला धरून बसतो आणि पातळ सॉस घशाखाली निघून जातो, त्यामुळे तिखटपणा सारखा असला तरी दाट सॉस जास्त वेळ झोंबतो.

आणि शेवटी एक बाळबोध प्रश्न, रागावू नये : बाटल्या हलवल्या होत्या ना?

तिखटजीव
पहिल्या रात्री नाही. आंबवलेल्या लाल सॉसपुढे मी 'पाणचट, मिठाचे पाणी' असे लिहिले आहे, आणि आता बाटली उजेडात धरून पाहिली तर वर दोन बोटे पाणी आणि खाली सगळा गर बसलेला दिसतो.

बरणीवाला
म्हणजे आपण सॉस चाखलाच नाही, त्याच्यावरचे पाणी चाखलेत. निराश होऊ नका. मी स्वतः एकदा बरणीच्या तोंडाशी आलेली पांढरी पापुद्र्यासारखी साय बुरशी समजून महिनाभराची मेहनत ओतून दिली होती. ती निरुपद्रवी यीस्ट होती, हे नंतर कळले. लोकरीसारखी केसाळ किंवा हिरवी-काळी वाढ असेल तर मात्र बरणी टाकूनच द्यावी. तिथे माया करू नये. सॉस सुरक्षित राहण्यासाठी पीएच ४.६ च्या खाली असणे ही किमान अट आहे आणि मी स्वतः ४ च्या खाली गेल्याशिवाय बाटली भरत नाही.

चिकित्सक
क्रम, तापमान, दाटपणा, हलवणे या सगळ्या गोष्टी मान्य केल्या तरी सर्वांत मोठा दोष कोणीच सांगितलेला नाही. धागाकर्त्याला प्रत्येक वेळी ठाऊक होते की आपण कोणती बाटली चाखतो आहोत. कवटीचे चित्र पाहून जीभ आधीच आवळून घेतलेली असते.

माझी सूचना अशी आहे. घरातल्या कोणाला तरी कप भरायला सांगावे, कपांवर फक्त खुणा असाव्यात आणि सॉस मोजून द्यावा, म्हणजे प्रत्येक फोडीवर पाव चमचाच. एका वेळी तीनच कप घ्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कधीतरी, आपल्याला न सांगता, एकच सॉस दोन कपांत यावा. त्या दोन कपांना आपण किती वेगळे गुण देता, तेवढी आपल्या जिभेची चूक. त्याहून कमी फरकाला अर्थ नाही.

अर्धविराम
चिकित्सक यांची पद्धत काटेकोर आहे, पण तिने नेमके काय सिद्ध होते, याबद्दल मला शंका आहे. हॉट सॉस चमच्याने खाण्याचा पदार्थ नव्हे. अननस-स्कॉच बॉनेट बटाट्यावर गोडसर वाटतो, तोच भाजलेल्या मांसावर अप्रतिम लागतो. हिरवा सॉस नुसता चाखला तर व्हिनेगरशिवाय काही हाती लागत नाही, पण अंड्यावर त्याला तोड नाही. स्निग्ध पदार्थावर आंबट आणि पातळ सॉस खुलतो, सपक पदार्थाला धुराचा सॉस आधार देतो. बटाट्यावरची परीक्षा ही बटाट्यासाठीच्या सॉसची परीक्षा झाली.

चिकित्सक
मग सात सॉस आणि सात पदार्थ मिळून एकोणपन्नास घास होतात. आपण नियम केला आहे तीन प्रति बैठक. हिशेब आपणच करावा.

अर्धविराम
सतरा बैठका. मला काही घाई नाही.

कुंपणावरची
मध्येच एक शंका विचारते. चाखण्याच्या मध्ये तोंड धुवायला काय घ्यावे? मी सायीचे दूध घेते, कारण कॅप्सेसिन स्निग्धात विरघळते असे वाचले आहे.

शेवंती
कॅप्सेसिन स्निग्धात विरघळते हे खरे, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही हेही खरे. म्हणून पाणी प्यायले की क्षणभर गारवा मिळतो आणि आग तोंडभर पसरते. सायीचे दूधच उत्तम.

रसायनी
इथे थोडी असहमती नोंदवतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्ण स्निग्ध दूध आणि साय काढलेले दूध या दोन्हींनी जळजळ सारखीच शमवल्याचे दिसले. म्हणजे श्रेय एकट्या सायीला देता येत नाही. दुधातल्या केसिन या प्रथिनाचा त्यात वाटा असावा. त्याच प्रयोगात फळाच्या चवीच्या साखरपाण्यानेही चांगला आराम दिला, कारण गोडवा तिखटपणाला दाबतो. अर्थात यातच धागाकर्त्याच्या अननसाचेही उत्तर दडलेले आहे. गोड सॉस जेवढा तिखट असतो, तेवढा लागत नाही.

फिक्का
दुधाची चर्चा सुरू आहे तर माझा अनुभव नोंदवून ठेवतो. कपाटाच्या वरच्या फळीवरची ती बाटली मी शेवटी उघडली, शेवंतीताईंच्या हिशेबावर विसंबून. सॉस खरोखरच सौम्य निघाला. नंतर मी हात नुसते पाण्याने धुतले आणि चष्मा काढून डोळा चोळला. हिशेबात डोळ्याचा रकाना नव्हता.

बरणीवाला
साबण दोनदा, आणि त्याआधी तळहाताला थोडे तेल. मिरच्या कापताना मात्र हातमोजे घालावेत. मिरचीच्या आतला जो पांढरा मऊ गाभा असतो, जिथे बिया चिकटलेल्या असतात, तिथेच कॅप्सेसिन तयार होते. बियांचा तिखटपणा त्याच्या संगतीने लागलेला असतो. बिया झटकून गाभा तसाच ठेवणाऱ्यांना हे नंतर डोळ्यांनीच कळते.

कुंपणावरची
आणि अननसाच्या बाटलीबद्दल : ती उघडून किती महिने झाले? माझ्याकडचा फळाचा सॉस ओट्यावर राहिला, तर काही महिन्यांत पिवळ्याचा तपकिरी झाला आणि हाबानेरोचा तो जर्दाळूसारखा वास पार गेला; उरला तो नुसता जाळ आणि आंबटपणा. फ्रिजमध्ये ठेवलेली त्याच खेपेची दुसरी बाटली अजून ताजी आहे. जुन्या बाटलीची नव्या बाटलीशी तुलना करताना हेही पाहावे.

शेवंती
मी आणखी एक सोपा मार्ग सुचवते. बाटलीवर पेनाने सॉसच्या पातळीची रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा आणि विसरून जा. दोन महिन्यांनी कोणती पातळी किती उतरली ते पाहा. गुण देताना माणूस परीक्षक असतो, जेवताना नसतो.

तिखटजीव
सर्वांचे आभार. मधल्या काळात लिहिले नाही, कारण जवळजवळ दहा आठवडे हेच चालू होते. आता वृत्तान्त देतो.

अर्काचा सॉस स्पर्धेतून वगळला, कारण तो कडवट आणि धातूसारखा लागतो, हे क्रम कोणताही असला तरी दोन्ही रात्रींच्या नोंदींत सारखेच सापडले. राहिलेले सहा सॉस तीन-तीन करून सहा वेगवेगळ्या संध्याकाळी चाखले. बहीण कप भरत होती, बाटल्या हलवलेल्या होत्या, बटाटा प्रत्येक वेळी कोमट होता आणि सॉस पाव चमचाच होता.

चौथ्या संध्याकाळी पहिल्या कपापुढे मी लिहिले, 'फळाचा गोड वास, मागून सावकाश चढणारा तिखटपणा, उत्तम', आणि आठ गुण दिले. तिसऱ्या कपापुढे लिहिले, 'आंबट, जरा उग्र, वास विशेष नाही', आणि पाच गुण दिले. बहिणीने कागद उघडून दाखवला. दोन्ही कपांत हाबानेरो-गाजरच होता. मधल्या कपात रीपर होता.

चिकित्सक यांच्या हिशेबाने माझ्या जिभेची चूक तीन गुणांची ठरते. तो नियम लावून सगळे आकडे पुन्हा पाहिले तेव्हा चिपोटले, हाबानेरो-गाजर, अननस आणि रीपर या चौघांत फरक करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, असे दिसले. आंबवलेला लाल मात्र, हलवल्यानंतर, खरोखरच वर राहिला आणि हिरवा हालापेन्यो प्रत्येक वेळी तळाला. म्हणजे वहीची बारा पाने भरून माझ्या हाती एक पहिला, एक शेवटचा आणि मध्ये चौघांचा घोळका एवढेच आले.

फिक्का
आणि बहिणीच्या हाती एक जन्मभर पुरेल असा किस्सा.

शेवंती
रेघा ओढल्या होत्या का?

तिखटजीव
ओढल्या होत्या, ताई. लाल सॉस दोन बोटे उतरला आहे, मधल्या चौघांच्या रेघा जवळजवळ जागच्या जागी आहेत आणि अननस आता फ्रिजमध्ये हलवला आहे. हिरवा हालापेन्यो, ज्याला मी प्रत्येक वेळी सर्वांत कमी गुण दिले, त्याची बाटली संपली. अंड्यांवर संपली.

अर्धविराम
मी काही बोलत नाही.

चिकित्सक
मी बोलतो. सौम्य सॉस एका वेळी चमचाभर ओतला जातो आणि रीपर थेंबभर. पातळी मोजून आवड ठरत नाही. किती वेळा बाटली उचलली, ते मोजायला हवे होते.

तिखटजीव
मान्य आहे. हिरव्याची नवी बाटली परवा येते आहे. झाकणापाशी या वेळी एक कागद चिकटवतो आणि उचलली की एक काडी मारतो.